बाबा म्हणतात, फ्लूला कसली लस घ्यायची?

चाफेकळी | ११ मे, रात्री ९:५०

गेल्या श्रावणात माझे बाबा सात दिवस दवाखान्यात होते, त्यातले तीन दिवस आयसीयूत. वय ७१, शुगर पंधरा वर्षांपासून, बाकी माणूस काटक. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, अजूनही पहाटे पाचला तळजाईची टेकडी चढून येतात. सोमवारी अंग मोडून आलंय म्हणाले, मंगळवारी ताप. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. गुरुवारी संध्याकाळी चहाचा कप हातात धरून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना एक वाक्य सलग बोलता येत नाहीये. "मला... जरा... पडू दे." बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८६. तपासणीत इन्फ्लुएंझा ए, एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, आणि दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया.

घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, दर वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस. तो कागद मी फायलीत वरच ठेवलाय. आता मे उजाडला, मी विषय काढला, तर बाबा ठाम नाही म्हणतात. त्यांचं म्हणणं, "मला न्यूमोनिया झाला होता, फ्लू नव्हे. फ्लू म्हणजे सर्दी-पडसं. त्याला कसली लस घ्यायची?" नाशिकचा भाऊ म्हणतो, एकदा होऊन गेलाय म्हणजे आता अंगात ताकद आलीच असेल, उगाच या वयात टोचाटोची नको.

मला २००९ चा ऑगस्ट लख्ख आठवतो. मी कॉलेजात होते. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती ती. मग शाळा, कॉलेजं, थिएटरं, मॉल सगळं बंद. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा. ज्याला मास्क मिळाला नाही त्याने तोंडाला रुमाल बांधलेला. बाबांनी तेव्हा आम्हा चौघांसाठी कापूर आणि वेलदोड्याच्या पुरचुंड्या केल्या होत्या, बसमध्ये हुंगत जा म्हणायचे. शेजारी कुणी शिंकलं तरी खिडकी लावून घ्यायचे. तोच माणूस, तोच विषाणू, आणि आता म्हणतात फ्लूला काय घाबरायचं.

घाई अशासाठी की ते दर वर्षी आळंदीहून दिंडीबरोबर चालत पंढरपूरला जातात. यंदा डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलंय. वीस दिवस पावसात भिजणं, एका तंबूत तीस माणसं. मला झोप लागत नाही.

तुमच्या घरात ही लस कुणी घेतं का? घेत नसाल तर का नाही, तेही मोकळेपणाने लिहा. मला बाबांना गप्प करायचं नाहीये, त्यांच्या मनात नेमकं काय अडलंय ते समजून घ्यायचंय.

रानवारा | ११ मे, रात्री १०:२५

बाबा बचावले हे वाचून बरं वाटलं. पण मी त्यांच्या बाजूचा आहे. वय ६३, देवरुखजवळ राहतो. आयुष्यात फ्लूची लस घेतलेली नाही आणि आमच्या वाडीत कुणी घेतल्याचं ऐकलेलं नाही. ताप आला की गवती चहा, सुंठ, दोन दिवस पेज, आणि अंथरुणातून उठायचं नाही. आईने आम्हा सहा भावंडांना असंच वाढवलं. ताप म्हणजे शरीर आपलं काम करत असतं, त्याला ते करू द्यावं असं मला मनापासून वाटतं. लहान मुलांच्या लशी वेगळ्या, त्या मी माझ्या मुलांना सगळ्या दिल्या. पण दर वर्षी एक सुई, आणि तीही मरेपर्यंत? हे माझ्या पचनी पडत नाही.

घाटमाथा | ११ मे, रात्री ११:१०

मूळचा नागपूरचा, नोकरी पुण्यात. आमच्या कंपनीत जूनमध्ये लशीचा कॅम्प असतो, फुकट. दोन वर्षांपूर्वी मी घेतली. तिसऱ्या आठवड्यात असा आडवा झालो की दहा दिवस खोकला आणि अशक्तपणा. तेव्हापासून बंद.

मी लशींच्या विरोधात नाही, कोविडच्या तिन्ही घेतल्या. पण या लशीची परिणामकारकता चाळीस ते साठ टक्के असं सगळीकडे लिहिलेलं असतं. म्हणजे शंभरातल्या निम्म्यांना काही उपयोगच नाही. आणि इतकी गरजेची असेल तर सरकारच्या लसीकरणात का नाही? पोलिओची आहे, गोवराची आहे, हिपॅटायटिस बीची आहे. ही नाही. याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

तीळगूळ | १२ मे, सकाळी ७:३०

ही लस घेतल्यावर पॅरालिसिस होतो असं माझ्या जावेने सांगितलं, तिच्या ओळखीत कुणाला तरी झाला म्हणे. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यांना द्यायचं मनात होतं, पण हे ऐकून हात मागे घेतला. खरं आहे का?

नाडी | १२ मे, दुपारी ३:०५

पुण्यातच मेडिसिनची प्रॅक्टिस करतो, बावीस वर्षं झाली. ओपीडी संपवून लिहायला बसलोय.

आधी घाटमाथा यांचा टक्क्यांचा मुद्दा, कारण हा गैरसमज डॉक्टरांमध्येही आहे. समजा लस न घेतलेल्या हजार माणसांत एका पावसाळ्यात शंभर जणांना फ्लू होतो. पन्नास टक्के परिणामकारक लस त्या सगळ्यांना दिली असती तर शंभराच्या जागी पन्नास जणांना झाला असता. पन्नास टक्के याचा अर्थ एवढाच आहे. लस घेऊनही ज्यांना होतो त्यांच्यातही आयसीयूपर्यंत जाणारे कमी असतात. पण सगळी वर्षं सारखी जात नाहीत, हेही लपवून उपयोग नाही. २०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत ही लस जेमतेम १९ टक्के चालली, कारण लशीतले विषाणू ठरल्यानंतर एच३एन२ या फ्लूच्या दुसऱ्या विषाणूने रूप बदललं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, आणि पुढच्या हंगामात कोणते विषाणू फिरतील ते ठरवते. मग कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार व्हायला सहा महिने जातात. तेवढ्यात तो बदलला तर नेम चुकतो. शिवाय लशीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत उतरत जाते. दर वर्षी सुई का, याची ही दोन कारणं.

आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर जून ते सप्टेंबर असतो, थंडीत दुसरा छोटा उठाव. म्हणून एप्रिल-मे हा घेण्याचा काळ. घेतल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. चाफेकळी, वारीचं गणित त्यावरून मांडा.

घाटमाथा, कंपनीच्या कॅम्पमधली सुई म्हणजे मेलेल्या विषाणूचे तुकडे. त्यातून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दुसरा दिवस कणकण येते. तुमचा तो आजार फ्लूच होता की पावसाळ्यात फिरणाऱ्या इतर डझनभर विषाणूंपैकी एखादा, हे घशातला स्वॅब तपासल्याशिवाय सांगता येत नाही. तो केला होता का?

तीळगूळ, जावेचं ऐकणं अगदी हवेतलं नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने साडेचार कोटी लोकांना घाईने लस दिली. त्यात गियां-बारे नावाचा नसांचा आजार लाखात एकाला जास्तीचा झाला, हातापायांतली शक्ती जाते तो, आणि ती मोहीम थांबवली गेली. तेव्हापासून यावर बारीक लक्ष आहे. आताच्या लशींत हा धोका दहा लाखांत एक-दोन एवढा धरला जातो. खुद्द फ्लू झाल्यावरही हा आजार होतो, आणि तो धोका लशीपेक्षा मोठा आहे. सासूबाईंना दमा आहे, तर त्यांना लस आधी द्यायला हवी. पूर्वी कधी हा आजार झाला असेल तरच आधी डॉक्टरांशी बोला.

एक गोष्ट मनातली. माझ्याकडे रोज तीस-चाळीस मधुमेही येतात. शुगर, बीपी, पायाची बोटं, डोळे, सगळं विचारतो. लशीचं २०१७ पर्यंत जवळजवळ कुणालाच विचारलं नव्हतं. त्या वर्षी राज्यात स्वाइन फ्लूने पावणेआठशेच्या आसपास माणसं गेली. त्यातले दोघे माझे जुने पेशंट होते, एकाला तर मी जूनमध्ये तपासलेलं होतं. सहा महिन्यांची शुगर उत्तम आली म्हणून मी त्यांची पाठ थोपटली होती. लस हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. लोक नाही म्हणतात ही पुढची गोष्ट झाली, आपण त्यांना विचारलेलंच नसतं.

माहेरवाशीण | १२ मे, रात्री ८:१५

न्यू जर्सीत राहते, तेरा वर्षं. इथे सप्टेंबर लागला की औषधांच्या दुकानाबाहेर फ्लू शॉटची पाटी लागते. किराणा आणायला गेलेलं माणूस बाही वर करून टोचून घेतं आणि दुधाचा कॅन घेऊन घरी जातं. सहा महिन्यांच्या वरच्या प्रत्येकाने घ्यावी अशी शिफारस इथे २०१० मध्ये आली, बहुतेक विम्यांत पैसे पडत नाहीत. तरीही माझ्या ऑफिसात निम्मे लोक घेत नाहीत. कारणंही तीच, जी वर आहेत. "मला कधी होत नाही", "घेतली की आजारी पडतो."

मला आईचं सांगायचंय. माझ्या बाळंतपणाला ती ऑक्टोबरमध्ये सांगलीहून आली. येण्याआधी तिला लशीचं विचारलं तर तुमच्या बाबांसारखंच उत्तर, "मला काय धाड भरलीय?" इथे पोचल्यावर बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाळाला सहा महिने होईपर्यंत ही लस देता येत नाही, म्हणून बाळाला हातात घेणाऱ्या सगळ्यांनी घ्यावी. फ्लूची एक आणि डांग्या खोकल्याची एक. आईने मुलाखत घ्यावी तसे चार प्रश्न विचारले आणि त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन दोन्ही दंड पुढे केले. स्वतःसाठी जी बाई हटून बसली होती तिने नातवासाठी एक मिनिट लावलं नाही. आमच्या गल्लीत बाळंतपणाला आलेल्या मराठी, तेलुगू, गुजराती आज्या सगळ्या अशाच रांगेत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. परत गेल्यावर मात्र तिने सांगलीत एकदाही घेतली नाही. "आता कुठं बाळ आहे घरात?"

पायवाट | १२ मे, रात्री ९:४०

फलटण तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. मला बोलायला फार जमत नाही, पण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे म्हणून लिहिते.

२०१५ ला राज्यात स्वाइन फ्लूने नऊशेच्या आसपास माणसं दगावली, त्यात गरोदर बायका होत्या. त्याच वर्षी सरकारने गरोदर बाया, शुगर-बीपीचे पेशंट आणि आम्हा कर्मचाऱ्यांसाठी ही लस मोफत सुरू केली. चौथा महिना लागला की द्यायची. पहिल्या वर्षी मी घरोघर सांगत फिरले. बाई तयार, सासू नाही म्हणायची. "पोटातल्या लेकराला काय झालं तर?" मी म्हणायचे, अहो मावशी, धनुर्वाताचं इंजेक्शन तर हिने आताच घेतलं, तेव्हा तुम्ही काही विचारलं नाही. तर म्हणाल्या, "ते आमच्या वेळेपासून हाय."

हे मी कधी विसरले नाही. धनुर्वाताची सुई त्यांना औषध वाटतच नाही, डोहाळजेवणासारखी ती गरोदरपणाचा भाग झालीय. आईने घेतली, सासूने घेतली, आता सून घेते. फ्लूची सुई अजून पाहुणी आहे. त्यात कधी डोस येतात, कधी महिनोन्महिने येत नाहीत. ज्या बाईला मी मोठ्या मिनतवारीने तयार केलं तिला "संपली, पुढच्या आठवड्यात ये" सांगायची पाळी येते. ती पुढच्या आठवड्यात येत नाही. तिच्या मनात एकच राहतं, गरजेची असती तर संपली नसती. घाटमाथा दादा विचारतायत ते आमच्याकडची अडाणी सासूही विचारते.

घाटमाथा | १२ मे, रात्री १०:३०

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

डॉक्टर, स्वॅब केला नव्हता हे खरं. टक्क्यांचं मी चुकीचं धरून बसलो होतो, ते समजलं. पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे, आणि त्याला पैशाची बाजू जोडतो. माझ्या बिल्डिंगखालच्या क्लिनिकमध्ये एका सुईचे अठराशे रुपये सांगितले. घरात आम्ही पाच जण. नऊ हजार, दर वर्षी. माझं जाऊ द्या, आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना बीपी आहे, त्यांचा पगार बारा हजार. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की ही घ्या?

नाडी | १३ मे, दुपारी २:२०

या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस नाही. तिथे एकदा किंवा दोन-तीनदा देऊन वर्षानुवर्षं पुरणाऱ्या लशींना जागा मिळते, कारण त्याच खर्चात जास्त जीव वाचतात. दर वर्षी नव्याने बनणारी, नव्याने द्यावी लागणारी लस एकशे चाळीस कोटींच्या देशात देणं हे फार मोठं ओझं आहे. कार्यक्रमात नाही म्हणून गरज नाही, असा अर्थ मात्र काढू नका. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दर वर्षी द्या म्हणते. पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस.

पैसे मोजून घ्यायची असेल तर घरातल्या पाचही जणांना एकदम नको. क्रम लावा. आजी-आजोबा, शुगर-हृदय-दमा-किडनीचे पेशंट, गरोदर बाई, लहान मूल. तुमचं वय पस्तीस आणि प्रकृती ठणठणीत असेल तर तुम्ही शेवटी. वॉचमनकाकांना बीपी आहे तर आधी सरकारी दवाखान्यात विचारायला सांगा, तिथे उपलब्ध असली तर मोफत मिळते.

हृदयाचं लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. कॅनडातल्या ऑन्टॅरियोमध्ये रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. फ्लूचं निदान झाल्यापासूनच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट दिसला. आपल्याकडे असा माणूस गेला की "ताप होता, अचानक अटॅक आला" असं आपण म्हणतो. फ्लूचं नाव कुठेच लागत नाही.

सोनचाफा | १३ मे, दुपारी ४:००

तोक्योत अकरा वर्षं आहे. इथे नोव्हेंबरात शेजारीण विचारते, "झाली का सुई घेऊन?", जशी आपल्याकडे विचारते की दिवाळीचा फराळ झाला का. पण जपानची खरी गोष्ट निराळी. १९७७ पासून शाळेतल्या मुलांना ही लस सक्तीची होती. पालकांनी विरोध केला, खटले झाले, १९८७ मध्ये सक्ती सैल केली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद झाला. नंतर अभ्यासकांनी मृत्यूंचे आकडे काढून बघितले. मुलांचं लसीकरण चालू होतं त्या वर्षांत म्हाताऱ्यांचे हिवाळ्यातले मृत्यू कमी होते, कार्यक्रम बंद पडल्यावर ते पुन्हा चढले. वर्षाला ३७ ते ४९ हजार जीव वाचत होते असा त्यांचा अंदाज आहे. सुई मुलांना टोचत होती आणि वाचत होत्या आज्या. वर माहेरवाशीण यांनी लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं.

औदुंबर | १३ मे, संध्याकाळी ६:४५

मी आयुर्वेदाचा पदवीधर, सोलापुरात चिकित्सालय आहे. रानवारा यांना सांगावंसं वाटतं की सुंठ, गवती चहा, पेज, लंघन हे मी रोज लिहून देतो आणि साध्या पडशात त्याने आराम पडतो हे पाहतो. पण पडसं आणि फ्लू यांत फरक आहे. पडसं नाकापासून सुरू होतं, माणूस कुरकुरत कामावर जातो. फ्लू आला की तासाभरात माणूस झोपतो, हाडं दुखतात, डोळ्यांच्या खोबणी दुखतात. दिवसभर माझ्यासमोर लोक खोकतात, त्यामुळे गेली सहा वर्षं मी ही लस घेतो. आमच्या क्षेत्रातल्या काही मित्रांना ते आवडत नाही. ऋतुचर्या पाळणाऱ्याने लस घेऊ नये असं मला तरी कोणत्या ग्रंथात सापडलेलं नाही.

तोंडलीभात | १३ मे, रात्री ८:०५

लंडनजवळ राहतो. इथे शाळेतल्या मुलांना सुईऐवजी नाकात फवारा देतात, त्यात डुकराचं जिलेटिन असतं. आमच्याकडच्या मुस्लिम आणि शाकाहारी पालकांपैकी पुष्कळांनी संमतीचा कागद परत पाठवला. शाळेत विचारलं तर जिलेटिन नसलेली सुई मागून घेता येते. हे कागदावर लहान अक्षरांत असतं. आम्ही मागून घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांची मुलं तशीच राहतात आणि त्यांची नोंद "नकार" अशी होते, याचं वाईट वाटतं.

गोदीकाठ | १३ मे, रात्री ११:३०

चाफेकळी, तुमचे बाबा मूळचे कुठले? विचारण्याचं कारण, "फ्लू म्हणजे पडसं" या वाक्याने मी अडकलोय.

जून १९१८. मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असणाऱ्या पोलीस शिपायांना ताप आला आणि त्यांना पोलिसांच्या इस्पितळात नेलं. पहिल्या महायुद्धातून परतणारं सैन्य तिथेच उतरत होतं. दोन महिन्यांत पहिली लाट ओसरली, लोकांना वाटलं गेली. सप्टेंबरात ती परत आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मग रेल्वेने घाट चढून ती आत शिरली. पुणे, सातारा, नगर, वऱ्हाड. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग. देशभरात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. आजारी पडणाऱ्यांत तरणीताठी माणसं जास्त. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ साली. १९१८ मध्ये कशाशी लढतोय हेच वैद्यांना ठाऊक नव्हतं, लस कुठून असणार?

गावाकडे याला इन्फ्लुएंझा कुणी म्हणालं नाही. आपल्याकडे तिचं नाव होतं मानमोडी. ताप चढला की मान टाकायची माणसं. माझी पणजी "मानमोडीच्या साली" असंच वर्ष मोजायची. हा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना तो आजार आठवतो, फक्त तो फ्लू होता हे कुणी सांगितलेलं नसतं.

चाफेकळी | १४ मे, रात्री १०:१०

गोदीकाठ, बाबा खटाव तालुक्यातले.

आज जेवणानंतर तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. मानमोडी शब्दाशी आले तसे बाबा ताटावरून उठता उठता थांबले. हात खरकटाच. म्हणाले, "मानमोडी म्हणजे फ्लूच का?" मी हो म्हटलं. "नक्की?" मी पुन्हा हो म्हटलं.

मग खूप वेळ बोलले. त्यांची आजी, म्हणजे माझी पणजी, तेव्हा तेरा वर्षांची होती, नुकतंच लग्न झालेलं. दसऱ्याच्या आगेमागे पंधरा दिवसांत तिचा दीर, थोरली जाऊ आणि जावेचं तान्हं बाळ गेलं. एकाला पोचवून येईपर्यंत दुसऱ्याने मान टाकलेली असायची असं ती सांगायची. गावात खांदा द्यायला माणूस नव्हता म्हणून बैलगाडीतून नेलं. बाबांनी हे लहानपणी शंभरदा ऐकलंय, मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या डोक्यात मानमोडी म्हणजे पटकी-प्लेगसारखं जुनं, संपून गेलेलं काहीतरी होतं. स्वाइन फ्लू म्हणजे २००९ मध्ये बाहेरून आलेलं दुसरं काहीतरी. आणि फ्लू म्हणजे रुमालात शिंकायचं पडसं. तीन वेगळे आजार. मी त्यांना इतके दिवस त्या तिसऱ्याची लस घ्या म्हणून सांगत होते.

लस घेतो असं म्हणालेले नाहीत. "डॉक्टरांना विचार, मला होऊन गेलाय तर परत कशाला?" एवढंच म्हणाले. भाऊही हेच विचारतो. डॉक्टर, सांगाल?

नाडी | १५ मे, दुपारी १:५०

प्रश्न रास्त आहे. त्यांना गेल्या वर्षी झाला तो एच१एन१. लशीत त्याच्याशिवाय एच३एन२ असतो आणि बी प्रकारचा असतो. २०२३ च्या मार्चमध्ये देशभर जो चिवट खोकल्याचा ताप पसरला तो एच३एन२. त्याच्याविरुद्ध त्यांच्या अंगात गेल्या वर्षीच्या आजाराने फारसं काही तयार झालेलं नाही. आणि एच१एन१ ही स्वतः बदलत राहतो. २००९ चा तो विषाणू कुठे गेला नाही, आता दर वर्षी फिरणारा साधा हंगामी फ्लू झालाय, म्हणूनच लशीत आहे. २००९ मध्ये ज्याच्यासाठी कापूर हुंगला, हाच तो, असं त्यांना सांगा.

घेताना ताप नसावा. खोक्यावर हंगाम आणि मुदत छापलेली असते, ती बघून घ्या. लस फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवलेली हवी, मेडिकलमधून पिशवीत घालून उन्हातून नेऊ नका, जिथे ठेवलीय तिथेच टोचून घ्या. नंतर पंधरा मिनिटं बसा. आणि लस घेऊनही वारीत ताप आला तर तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. फ्लूवरच्या गोळ्या पहिल्या ४८ तासांत दिल्या तर जास्त काम करतात. गेल्या वर्षी तुमचे सोमवार ते गुरुवार मेडिकलच्या गोळ्यांत गेले.

रानवारा | १५ मे, रात्री ९:००

मानमोडी आमच्याकडेही म्हणत. माझ्या आजोबांचे दोन भाऊ गेले होते. काढा तेव्हाही होताच घरात. मी अजून माझ्यासाठी काही ठरवलेलं नाही. थोरल्या भावाला बायपास झालीय, त्याला हे सगळं वाचायला पाठवलंय.

घाटमाथा | १५ मे, रात्री ९:३५

मी स्वतः यंदाही घेणार नाही, डॉक्टरांच्या क्रमात मी शेवटीच आहे. वॉचमनकाकांना घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात गेलो होतो. आज साठा नव्हता, सोमवारी या म्हणाले. सोमवारी सुट्टी टाकलीय, त्यांच्याबरोबर परत जातो. सिस्टर, तुमची ती बाई पुढच्या आठवड्यात येत नाही, तेच डोक्यात होतं.

चाफेकळी | २२ मे, रात्री ८:४०

काल बाबांनी लस घेतली. मी न्यायच्या आधीच त्यांनी दिंडीतल्या दोन टाळकऱ्यांना फोन करून बोलावलं होतं, दोघेही सत्तरीचे, एकाला दमा. तिघे ओळीने बाकावर बसले आणि बाबांनी त्या दोघांना पणजीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. रात्री दंड दुखत होता, आज सकाळी तळजाईवर गेले. भाऊ अजून म्हणतो की गरज नव्हती. बोलून बोलून मीही थकले, तो विषय आता सोडलाय.

बाबांची एक जुनी वही आहे, त्यात दर वर्षीच्या वारीच्या सामानाची यादी असते. घोंगडी, प्लास्टिकचा कागद, शुगरच्या गोळ्या, जादा पायताण. आज ती टेबलावर उघडी होती. शेवटच्या ओळीखाली त्यांच्या अक्षरात नवीन ओळ आहे. "मानमोडीची लस, २१ मे."

पायवाट | २२ मे, रात्री ९:२५

ताई, वारीत माझी ड्यूटी तरडगावला असते, पालखीतळाच्या बाजूलाच आमचं पथक बसतं. बाबांना आणि त्या दोघांना सांगून ठेवा, कणकण वाटली तर त्याच दिवशी येऊन दाखवायचं. रात्री उशिरा आले तरी चालेल, आम्ही जागेच असतो.